पाठमोरी घड्याळे

जुन्या घड्याळाची दर्शनी बाजू विकण्यासाठीच घडवलेली असते. म्हणून ज्याला ते लिलावात घ्यायचे आहे त्याने आधी त्याच्या मागे जाऊन उभे राहावे, असे माझे मत पाहणीच्या दालनांत रेंगाळून रेंगाळून पक्के झाले आहे. पैठणी घेताना पदर उलटून विणकाम तपासणाऱ्या बायका आपल्याकडे कमी नाहीत. पण त्याच बायका चांदीची अत्तरदाणी किंवा सोनेरी फ्रेंच घड्याळ समोर आले, की पुढूनच पाहून ‘काय सुंदर आहे, नाही?’ म्हणतात आणि पुढच्या टेबलाकडे वळतात. पुरुषांचे तर विचारूच नका. ते किमतीचा अंदाज छापलेली चिठ्ठी वाचतात.

मुंबईत हा माल येतो तो बहुतेक रिकाम्या होत असलेल्या घरांतून. गिरगाव, ताडदेव, दादर पारशी कॉलनी, ग्रँट रोडच्या मागचे रस्ते अशा ठिकाणी चौदा फूट उंचीच्या खोल्यांत ज्या वस्तू पिढ्यान्‌पिढ्या उभ्या होत्या, त्यांना पुनर्विकासानंतरच्या घरात ना भिंत मिळते ना कोनाडा. मग त्यांतल्या काही भेंडीबाजाराजवळच्या मटन स्ट्रीटवर, म्हणजे चोरबाजारात जातात आणि काही लिलावगृहांच्या यादीत चढतात. ख्रिस्टीज या लंडनच्या लिलावगृहाने डिसेंबर २०१३ मध्ये ताजमहाल हॉटेलात भारतातला आपला पहिला लिलाव केला, तेव्हापासून शहरात लिलाव या गोष्टीला एक झगमगाट आला. परंतु तो सगळा चित्रांच्या वाट्याला गेला. घड्याळे आणि धातूच्या शोभेच्या वस्तू अजूनही कडेच्या टेबलांवर असतात, आणि त्या हातात घेऊन पाहू देतात, हे माझ्यासारखीचे भाग्यच.

शेकोटीच्या वरच्या फळीवर ठेवण्यासाठी बनवलेले सोनेरी फ्रेंच घड्याळ ही अशा टेबलावरची हमखास वस्तू. मुंबईत शेकोटी कुणाच्या घरात होती असे विचारू नये. ती घड्याळे इथे कपाटावर, पियानोवर आणि क्वचित देव्हाऱ्याशेजारीही सुखाने राहिली. त्यांच्यावरची जी खरी जुनी सोनेरी झळाळी असते ती पाऱ्याच्या मुलाम्याची. सोने पाऱ्यात कालवून त्याचा लगदा कांस्याच्या ओतीव कामावर कुंच्याने लावायचा आणि मग ते विस्तवावर धरायचे, म्हणजे पारा वाफ होऊन उडून जातो आणि सोने धातूला घट्ट धरून बसते. उडालेला पारा अर्थातच कारागिराच्या छातीत जाई. हे काम करणारी माणसे फार जगत नसत, आणि फ्रान्समध्ये १८३० च्या सुमारास या पद्धतीवर कायद्याने बंदी आली. पुढे बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांनी १८४० मध्ये विजेच्या साहाय्याने मुलामा चढवण्याचे पेटंट घेतले आणि सोनेरी घड्याळ मध्यमवर्गाच्या आवाक्यात आले. विजेच्या मुलाम्याचे सोने पातळ आणि एकसारखे चमकते. पाऱ्याच्या मुलाम्यात खोलगट भाग मंद आणि उंचवटे उजळ अशी छाया दिसते. एकदा डोळ्याला सवय झाली, की हा फरक हातभर अंतरावरूनही कळतो.

त्याहून मोठा फरक बैठकीच्या तळाशी असतो. घड्याळावर टेकून बसलेली ती ग्रीक देवता, तो हार्प वाजवणारा पोरगा किंवा तो शिकारी कांस्याचा आहे की जस्ताचा, हे पुढून सांगणे अवघड, कारण जस्तावर तांबूस-तपकिरी रंग चढवून त्याला कांस्याचे रूप देण्यात एकोणिसाव्या शतकातले कारखाने तरबेज होते. मूर्ती उलटी केली की तळाशी, जिथे रंग पोचलेला नसतो किंवा घासून गेलेला असतो, तिथे करडा-पांढरा धातू दिसला तर जस्त आणि पिवळा दिसला तर कांस्य किंवा पितळ. नखाने टिचकी मारावी: कांस्याचा नाद थोडा रेंगाळतो, जस्ताचा बद्द आवाज येऊन तिथेच संपतो. यादी लिहिणारी मंडळी याबाबतीत सहसा खोटे लिहीत नाहीत. ती फक्त ‘सोनेरी धातूचे’ असे लिहून थांबतात, आणि धातू कोणता हे ज्याने त्याने तळ पाहून ठरवायचे असते. ‘अमक्या शैलीतील’ म्हणजे अमक्या काळातील नव्हे, ‘बैठक नंतरची’ म्हणजे मूळ बैठक हरवली आहे आणि ‘चालू स्थिती तपासलेली नाही’ म्हणजे ते बंद आहे, हेही सरावाने समजू लागते. सरकारी भंगाराच्या जाहिरातींत ‘जसे आहे तसे, जिथे आहे तिथे’ असे रोखठोक म्हटलेले असते; मला ती भाषा जास्त आवडते.

आता मागचे दार. पॅरिसच्या घड्याळाला मागे एक गोल झाकण असते, ते उघडले की पितळेच्या दोन गोल पाट्यांमध्ये बसवलेले मशीन दिसते. हे मशीन पुढच्या काचेच्या कड्यापासून मागच्या कड्यापर्यंत जाणाऱ्या दोन पितळी पट्ट्यांनी आवळलेले असते. त्या पट्ट्या सरळ बसल्या आहेत की वाकवून, ठोकून, मध्ये पत्र्याचा तुकडा सारून बसवल्या आहेत, एवढे पाहिले तरी मशीन आणि पेटी एकाच जन्माची आहेत का, याचा अंदाज येतो. पेटीच्या आत वापरात नसलेली स्क्रूची भोके असतील, घंटा कडेला घासत असेल, लंबक तळाला टेकत असेल, तर त्या पेटीत आधी दुसरेच कोणीतरी राहत होते. मागच्या पाटीवर बहुधा शिक्काही असतो. फ्रान्सच्या बोकूरच्या जापी बंधूंचा शिक्का मी अनेकदा पाहिला आहे, आणि त्यात प्रदर्शनात मिळालेल्या पदकाचा उल्लेख असेल तर घड्याळ त्या पदकाहून जुने असू शकत नाही, एवढा साधा हिशेब पुरतो. भिंतीवरच्या जर्मन घड्याळांत गुस्ताव बेकर या कारखान्याचा शिक्का, म्हणजे जहाजाचा नांगर, आणि त्यासोबतचा अनुक्रमांक शोधावा. त्या क्रमांकावरून साल काढता येते.

माझ्या ओळखीचे एक घड्याळजी चाचा मोहम्मद अली रोडच्या एका बोळात बसतात. एका घड्याळाचे मागचे फोटो मोबाईलवर दाखवले, तेव्हा त्यांनी डोळ्याची भिंगाची नळी न काढताच सांगितले, “ताई, डिब्बा फ्रान्स का है, मशीन जर्मन. चलेगा अच्छा. लेकिन पैसा जर्मन का देना.” या एका वाक्यात तज्ज्ञाचा पूर्ण अहवाल होता. असे जोडलेले घड्याळ संग्राहकाच्या दृष्टीने डागी, त्याची किंमत निम्म्याहून खाली येते आणि ते रास्तच आहे. माझे मन मात्र अशा घड्याळाविरुद्ध जात नाही. मूळ मशीन मोडले, पॅरिस दूर होते, घरात वेळ तर हवी होती. कुणीतरी मिळाले ते मशीन बसवले. फसवणूक होते ती ते लपवून विकताना.

मागच्या पाटीवर शिक्क्याशिवाय आणखी एक गोष्ट असते, आणि पाहणीला मी खरी जाते ती तिच्यासाठी. दुरुस्ती करणारे कारागीर सुईच्या टोकाने आपली खूण आणि तारीख आतल्या बाजूला कोरून ठेवीत. एका घड्याळाच्या पाटीवर, स्प्रिंगच्या डबीशेजारी, मी टॉर्च तिरका धरून पाहिले तेव्हा एकाखाली एक अशा चार तारखा दिसल्या: पहिल्या दोन इंग्रजी आकड्यांत, तिसरी गुजराती आकड्यांत आणि चौथी पुन्हा इंग्रजीत पण वेगळ्या, घाईच्या हातची. तिसऱ्यापुढे एक अक्षर होते, बहुधा कारागिराच्या नावाचे पहिले. यादीत या घड्याळाबद्दल ‘किरकोळ ओरखडे’ एवढेच लिहिले होते.

डायलवरच्या नावावर मात्र विसंबू नये. तिथे पुष्कळदा बनवणाऱ्याचे नाही, विकणाऱ्याचे नाव असते. याला सन्माननीय अपवाद आहेत. लंडनच्या लंड अँड ब्लॉकली या पेढीचे मुंबईत दुकान होते आणि १८७८ मध्ये पूर्ण झालेल्या राजाबाई टॉवरचे घड्याळही त्यांचेच. त्यांचे नाव घरगुती घड्याळावर दिसले, की मुंबईकराची बोली चार पायऱ्या जास्त चढते. जाता जाता सांगायचे म्हणजे, १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ आली तरी या शहराने आपली सुमारे ३९ मिनिटे मागची मुंबई वेळ १९५५ पर्यंत सोडली नाही, तेव्हा टेबलावरची यांतली कितीतरी घड्याळे आयुष्याचा बराच काळ देशाच्या मागे चालत होती. त्याची खूण मात्र ना पुढे सापडते ना मागे.

धातूच्या भांड्यांना मागची बाजू नसते, तळ असतो. आपल्या तांब्या-पितळेच्या जुन्या भांड्यांचा तळ आणि बाजू वेगवेगळ्या पत्र्यांच्या, दातेरी सांध्याने एकमेकांत अडकवून झाळलेल्या असतात. तो करवतीच्या दातांसारखा पिवळा सांधा तांब्याच्या घंगाळावर उठून दिसतो आणि नव्या यंत्रावर ओढलेल्या भांड्यात तो नसतो. बिदरीची सुरई असेल तर तिच्या आत डोकावावे: बिदरी हा जस्तात थोडे तांबे मिसळून केलेला धातू, त्यात चांदी ठोकून बसवल्यावर बिदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर यांच्या लेपाने बाहेरचा भाग काळा होतो, चांदी तशीच पांढरी राहते. हा काळेपणा रंगाचा असेल तर कडेला पोपडे धरतो. भूजच्या ओमरसी मावजींच्या कच्छी चांदीचे तर सगळे ग्राहक भांडे हातात येताच उलटे करतात, कारण ‘ओ.एम. भूज’ हा शिक्का तळाशी असतो. शिक्का खोटाही मारता येतो, त्यामुळे तो पाहून झाल्यावर पानाफुलांच्या नक्षीत लपलेले हत्ती-हरणांचे बारकावे पाहावेत; ते खोटे करणे महाग पडते.

आणि मग मराठी घरांतली भांडी. त्यांच्यावर नावे घातलेली असतात. टिंबाटिंबांनी ठोकलेली ती अक्षरे, कुणाच्या मुंजीत, कुणाच्या लग्नात, कुणाच्या आत्याकडून, आणि खाली तारीख. लिलावाच्या यादीत ही ‘अक्षरांकित’ होतात आणि परदेशी नमुन्याच्या यादीत तर त्यांना दोष समजतात. मला हा अन्याय वाटतो. चांदीच्या ताटावर इंग्रज घराण्याचे मानचिन्ह असले की किंमत वाढते, मग पितळी परातीवर मावशीचे नाव असले तर ती का घटावी?

घासण्याचाही एक वाद आहे. संग्राहक म्हणतात, जुन्या धातूवर चढलेला काळसर थर काढू नका, तोच त्याचा जन्मदाखला. आपल्या घरांत समई चिंचेने आणि पितांबरीने लख्ख करणे हा धर्म. दोन्ही बाजू आपापल्या जागी खऱ्या आहेत. समई रोजच्या तेलाची, ती घासायलाच हवी. पण त्याच उत्साहाने कुणी सोनेरी फ्रेंच घड्याळ घासले, तर नाकाडोळ्यांवरचे सोने उडून आतले पितळ बाहेर येते. अशी गोऱ्यामोऱ्या तोंडाची देवता पाहिली, की ते घड्याळ मुंबईतल्या एखाद्या स्वच्छताप्रिय घरातले आहे, हे शिक्क्याशिवाय कळते.

प्रत्यक्ष लिलावाबद्दल सांगण्यासारखे थोडे. हातोडा पडलेल्या किमतीवर लिलावगृहाचे कमिशन आणि कर चढतात, तेव्हा आपली मर्यादा ते धरून ठरवावी. १९७२ च्या पुरातन वस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांची वस्तू पुरातन ठरू शकते आणि तशी ती ठरली की खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. ब्रुकलिनच्या अ‍ॅन्सोनिया कंपनीने हजारो घड्याळे जगभर धाडली आणि १९२९-३० च्या सुमारास तिची यंत्रसामग्री सोव्हिएत रशियाला विकली गेली. त्या कंपनीचे शंभरी उलटलेले, गिरगावातल्या भिंतीवरचे घड्याळ आता माघारी अमेरिकेला जाऊ म्हणेल, तर त्याला आधी पुरातत्त्व खात्याला विचारावे लागेल.

मी घेतले ते काळ्या दगडी पेटीतले एक फ्रेंच घड्याळ. ही घड्याळे वजनाला दगडासारखी, कारण दगडाचीच, आणि दिसायला थडग्यासारखी, त्यामुळे त्यांना गिऱ्हाईक कमी. माझ्याशिवाय एकच हात वर होता आणि तोही दोन बोलींनंतर खाली आला. पाठ मी आधीच पाहिली होती: पट्ट्या सरळ, घंटा मूळची, आणि मागच्या पाटीवर बाहेरच्या बाजूने बसवलेले, कडेला कमीजास्त अंतराच्या खाचा असलेले टोल्यांचे चक्र. या चक्राला काट्यांशी काही देणेघेणे नसते. ते आपल्या क्रमाने एक, दोन, तीन असे टोले देत जाते. टोल्यांची चावी द्यायची राहून गेली आणि ते मध्येच थांबले, की काटे चारवर आणि टोले अकरा, असा प्रकार होतो. मग मागचे दार उघडून बोटाने एक बारीक तरफ उचलत, टोले पाडत पाडत त्याला काट्यांपर्यंत आणायचे. सासूबाईंना हा खटाटोप बघायला आवडतो. त्यांची तक्रार वेगळीच आहे. हे घड्याळ दर अर्ध्या तासालाही एक टोला देते. म्हणजे साडेबाराला एक, एक वाजता एक आणि दीडलाही एकच. दुपारी पडल्या पडल्या त्या मला विचारतात, “अगं, हा आत्ताचा एक कुठला गं?” आणि मी स्वयंपाकघरातून काही सांगण्याआधी उशीखालचा मोबाईल काढून बघतात.