बारा सेकंदांचं आवर्तन

एकावन्नाव्या वर्षी तबला शिकायला लागले तेव्हा घरात कोणी अडवलं नाही, हसले मात्र सगळे. नारायण पेठेत एका जुन्या वाड्याच्या माडीवर क्लास आहे. माझ्या बॅचला चौथी-पाचवीतली पोरं आणि सर अठ्ठावीस वर्षांचे. मी त्यांना सर म्हणते, ते मला काकू म्हणतात, आणि दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नाही.

दीड वर्षात त्रिताल, झपताल, दादरा, केरवा बसले होते. ‘धाधा तिट धाधा तूना’ हा कायदा, म्हणजे ठरलेल्या बोलांची रचना, चार पलट्यांसह, म्हणजे त्याच बोलांच्या फेरफारांसह, वाजत होता. घरी मोबाइलवर लेहरा, म्हणजे तालाच्या प्रत्येक फेरीला परत येणारी धून, लावायचा आणि त्याच्याबरोबर अर्धा तास बसायचं. माझ्या मते छान चाललं होतं. सर मात्र दर मंगळवारी तेच म्हणायचे, “काकू, पळताय.”

“लेहऱ्याबरोबर तर नीट समेवर येते हो, सर.” सम म्हणजे आवर्तनाची, तालाच्या एका फेरीची, पहिली मात्रा.

“लेहरा तुम्हाला धरून ठेवतो. तो बंद करा, वाजवा, रेकॉर्ड करा आणि ऐका.”

फोन समोर गालिच्यावर ठेवला आणि वाजवलं. नंतर ऐकलं तर डग्गाच, म्हणजे डाव्या हाताचा खर्जाचा तबलाच, नाही! नुसता पत्र्यावर गारा पडल्यासारखा उजवा हात. प्रत्येक ‘धा’चा ‘ता’ झालेला. मी हादरले. डावा हात मेला आहे असं ठरवून पुढचे तीन आठवडे डग्ग्यावरच घालवले. मनगटाचा दाब, ‘घे’चा घुमारा, सगळं पहिल्यापासून. मनगट दुखायला लागलं तरी रेकॉर्डिंगमध्ये डग्गा येईना.

मग भाचा जेवायला आला होता, त्याने ऐकलं. “मावशी, या फोनच्या स्पीकरला एवढा खर्ज झेपतच नाही. हेडफोन लाव.” लावला, आणि अर्धा डग्गा परत आला. उरलेला अर्धा रेकॉर्डरच्या सेटिंगमध्ये अडकला होता. तिथे आजूबाजूची घरघर कमी करण्याची सोय सुरू होती. ती सोय बोलणं स्वच्छ ऐकू यावं म्हणून केलेली. माणसाच्या आवाजाखाली जे काही सतत घुमतं ते तिच्या लेखी पंखा, त्यामुळे डग्ग्याची गुंज ती इमानेइतबारे पुसून टाकत होती. बंद केल्यावर सगळे ‘धा’ जागेवर. तीन आठवडे मी नसलेल्या दुखण्यावर औषध घेत होते.

बाकीची व्यवस्था मग लवकर लागली. फोन गालिच्यावर नको, कारण जमिनीचे धक्के येतात. चौरंगावर घडी केलेला पंचा आणि त्यावर फोन, माझ्यापासून तीनेक फूट लांब, जरा डग्ग्याच्या बाजूला. अगदी समोर ठेवला तर ‘ना’ फाटतो. फोन फ्लाइट मोडवर टाकायचा, नाहीतर नेमकी तिहाईच्या, म्हणजे तीनदा वाजवून समेवर संपवायच्या शेवटच्या तुकड्याच्या, तोंडावर वन्संचा फोन येतो. हे शहाणपण दोनदा तिहाई बुडाल्यावरचं.

आता खरं ऐकणं सुरू झालं. पहिले काही दिवस मी नुसती ऐकायची आणि वाईट वाटून घ्यायची. त्याचा काडीइतका उपयोग झाला नाही. शेवटी बँकेत बावीस वर्षं काढलेल्या बाईने जे करायचं तेच केलं, वही घातली. हिशोब सोपा आहे. त्रितालाचं एक आवर्तन १६ मात्रांचं. ८० च्या लयीत मिनिटाला ८० मात्रा, म्हणजे त्रितालाची बरोबर ५ आवर्तनं, म्हणजे एक आवर्तन १२ सेकंदांचं. उलट काढायचं तर ९६० ला (१६ मात्रा गुणिले ६० सेकंद) आवर्तनाच्या सेकंदांनी भागायचं, लय हातात. रेकॉर्डिंगवर समेपासून समेपर्यंतची वेळ बघायची आणि मांडत जायचं.

पहिलं आवर्तन १२ सेकंद. पाचवं ११.४. दहावं १०.५. पंधरावं १०. म्हणजे ८० वर निघालेली बाई ९६ वर पोहोचली होती आणि तिला वाटेत कुठे काही कळलं नव्हतं. आकडा समोर आल्यावर “पळताय” हा शब्द पहिल्यांदा अंगाला लागला.

ऑगस्टमध्ये एक दिवस मात्र चमत्कार झाला. सातव्या आवर्तनानंतर लय एकदम स्थिरावली आणि शेवटपर्यंत तिथेच राहिली. मी आनंदाने सरांना पाठवलं. (व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेज म्हणून पाठवायचं नाही, फाइल डॉक्युमेंट म्हणून जोडायची. नाहीतर डग्ग्याची पुन्हा वाट लागते.) सरांचं उत्तर आलं, “काकू, मागे काय वाजतंय?” हेडफोन घालून परत ऐकलं. आमचं घर एरंडवण्यात, नदीपासून लांब नाही. गणपतीआधीचे दिवस, संध्याकाळी सातची वेळ, आणि मागे अगदी बारीक ढोल-ताशाचा सराव. लेहरा बंद केला तर मी पथकाचा हात धरला होता! वाजवताना तो ढोल मला ऐकूही आला नव्हता. त्या दिवसापासून रेकॉर्डिंग सकाळी साडेसहाला.

यानंतर सरांनी जे सांगितलं ते मला आधी शिक्षाच वाटली. “तबला झाकून ठेवा. हाताने टाळी देऊन नुसती पढंत करा, तीच रेकॉर्ड करा.” पढंत म्हणजे बोल तोंडाने म्हणणं. माझी ठाम समजूत होती की दोष बोटांत आहे. ‘तिट’ला मधलं बोट आणि तर्जनी अडखळतात, मग ते भरून काढायला पुढे घाई होते. पन्नाशीची बोटं, दुसरं काय! पण पढंतीच्या रेकॉर्डिंगमध्ये बोटं नव्हतीच. तरी तीच पळापळ. समेपासून आठव्या मात्रेपर्यंत ६ सेकंद चोख. खालीपासून, म्हणजे नवव्या मात्रेच्या ‘ताता तिट’पासून सोळाव्यापर्यंत साडेपाच. नंतरच्या प्रत्येक आवर्तनात तेच, उत्तरार्ध आखूड.

चार-पाच वेळा ऐकल्यावर आणखी एक आवाज सापडला, जो मी इतके दिवस ऐकून न ऐकल्यासारखा केला होता. समेच्या ‘धा’च्या आधी एक मोठा श्वास. सोळा मात्रा मी एका दमात म्हणत होते. १२ सेकंद हे एका दमाला लांब पडतात. चौदाव्या मात्रेपर्यंत छाती रिकामी व्हायची आणि उरलेले बोल मी पळत जाऊन समेवर टाकायची. मग तबल्याची जुनी रेकॉर्डिंगं काढली. तिथेही तेच. तोंड बंद, पण मनात पढंत चालू आणि श्वास धरलेला. दर समेला एक उसासा, जिना चढून आल्यासारखा.

सरांना सांगितलं तर ते हसले. म्हणाले, “मग खालीला श्वास घ्या की.” एवढं सोपं नव्हतं ते. नवव्या मात्रेवर श्वास घ्यायचा तर तिथे टाळी चुकायची, टाळी सांभाळली तर बोल गिळले जायचे. दोन महिने नुसती पढंत केली, पोळ्या लाटतानासुद्धा. मुलगी म्हणाली, आई, पोळ्यांचा आकार बिघडलाय. मग स्वतःच्याच पढंतीच्या बऱ्यातल्या बऱ्या रेकॉर्डिंगवर तबला वाजवायला लागले, लेहऱ्याच्या जागी. स्वतःचा आवाज ऐकायची लाज त्या काळात कधी गेली ते कळलंच नाही. ‘तिट’ अजून कच्चा आहे, तो बोटांचाच दोष, पण तो लयीचा दोष नव्हता.

वही चाळताना एक गंमत दिसली. प्रत्येक रेकॉर्डिंगच्या शेवटी माझं एक वाक्य यायचं, “चुकलं.” बरेचदा काही चुकलेलं नसतानाही. गायिका गौहर जान १९०२ साली कलकत्त्यात पहिल्यांदा ग्रामोफोनच्या तबकडीसाठी गायल्या तेव्हा गाण्याच्या शेवटी इंग्रजीत स्वतःचं नाव सांगायच्या. तबकड्या जर्मनीत बनायच्या, तिथल्या माणसांना कोण गातंय ते कळावं म्हणून. ही गोष्ट मी सरांना सांगितली तर ते म्हणाले, “मग तुम्हीपण नाव सांगा ना काकू, ‘चुकलं’ कशाला?”

नाव काही सांगवत नाही. पण आता तिहाई संपली, की फोन बंद करण्याआधी तारीख आणि आवर्तनं सांगते, आणि लय काढून झाली की ती वहीत लिहिते. कालचं असं: त्रिताल, कायदा, २० आवर्तनं, ८० वर सुरू, ८४ वर संपलं, मागे कुकरच्या दोन शिट्ट्या.