गरोदरपणातला रक्तदाब आणि पुढच्या आठवड्याचा अंदाज

सातव्या-आठव्या महिन्यात एखाद्या गरोदर स्त्रीचा रक्तदाब 140/90 च्या वर गेला आणि पायांवर सूज दिसू लागली, की आम्हा प्रसूतितज्ज्ञांना तिची आजची प्रकृती जितकी सतावत नाही तितका तिचा पुढचा आठवडा सतावतो. घरी पाठवलेल्या बाईला रात्री झटके येण्याची भीती एकीकडे असते, तर दुसरीकडे धास्तीपोटी अवेळी प्रसूती करून अपुऱ्या दिवसांचे बाळ काचेच्या पेटीत ठेवावे लागण्याची.

या विकाराचे, म्हणजे प्रीएक्लॅम्प्सियाचे, निदान पिढ्यान् पिढ्या रक्तदाब आणि लघवीतील प्रथिने यांवरच होत आले. परीक्षानळीतल्या लघवीचा वरचा भाग स्पिरिटच्या दिव्यावर तापवायचा, पांढुरका गढूळपणा आला तर ॲसेटिक ॲसिडचे थोडे थेंब टाकायचे आणि तरीही तो विरघळला नाही तर प्रथिने असल्याची नोंद करायची, असे आम्ही विद्यार्थिदशेत शिकलो. आता त्या जागी रंग बदलणारी पट्टी आली आहे. मात्र या खुणा दिसतात तेव्हा रक्तवाहिन्यांना आणि मूत्रपिंडाला इजा होऊन गेलेली असते.

ही इजा नेमकी कशाने होते, याचा मोठा उलगडा 2003 मध्ये बोस्टन येथील मूत्रपिंडतज्ज्ञ डॉ. एस. अनंत करुमांची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. आजारी पडलेली वार, म्हणजे गर्भाशयात बाळाला पोसणारा अवयव (प्लॅसेंटा), एसफ्लिट-1 नावाचे प्रथिन आईच्या रक्तात अतोनात सोडते. आईच्या रक्तवाहिन्यांचे आतले अस्तर निरोगी राखणाऱ्या व्हीईजीएफ आणि पीएलजीएफ या घटकांना हे प्रथिन धरून ठेवते, त्यामुळे ते अस्तरापर्यंत पोचतच नाहीत. संशोधकांनी उंदरांच्या शरीरात एसफ्लिट-1 वाढवले तेव्हा त्यांचा रक्तदाब चढला आणि लघवीतून प्रथिने जाऊ लागली. गाभण नसलेल्या उंदरांतही तेच घडले. मला या संशोधनातला हाच भाग सर्वांत विलक्षण वाटतो, कारण वार नसतानाही केवळ एका प्रथिनाने आजाराची लक्षणे उभी राहिली. कर्करोगात व्हीईजीएफला अडवणारे बेव्हॅसिझुमॅब हे औषध दिले असता काही रुग्णांमध्ये नेमके हेच दुष्परिणाम दिसतात, हाही त्याला दुजोराच.

पुढच्याच वर्षी असे दिसले, की आजार प्रकट होण्याच्या साधारण पाच आठवडे आधीपासून हे प्रथिन रक्तात वाढू लागते. तेथून अंदाजाची वाट मोकळी झाली. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, 14 देशांतील अभ्यासात एसफ्लिट-1 आणि पीएलजीएफ यांचे गुणोत्तर 38 किंवा त्याहून कमी असेल, तर पुढच्या आठवड्यात प्रीएक्लॅम्प्सिया होणार नाही हे भाकीत 99.3 टक्के खरे ठरले. उलट गुणोत्तर जास्त असलेल्या स्त्रियांपैकी चार आठवड्यांत तो झाला केवळ 36.7 टक्के जणींना. म्हणून ही चाचणी धीर देण्यासाठी जितकी भरवशाची आहे तितकी घाबरवण्यासाठी नाही, हे प्रत्येक अहवाल वाचताना ध्यानात ठेवले पाहिजे. मे 2023 मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने मान्यता दिलेल्या चाचणीची मर्यादा 40 आहे, तिचे यंत्र वेगळे आहे आणि प्रश्नही वेगळा: रक्तदाबासाठी आधीच दाखल झालेल्या स्त्रीचा आजार दोन आठवड्यांत तीव्र रूप धारण करील का? एका यंत्रावरचा आकडा दुसऱ्याच्या मर्यादेला लावणे म्हणूनच धोक्याचे आहे.

प्रतिबंधाच्या बाबतीत 2017 च्या अभ्यासाने मोठा दिलासा दिला. पहिल्या तिमाहीतच जोखीम ओळखलेल्या स्त्रियांना रोज रात्री 150 मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिल्यावर 37 आठवड्यांपूर्वी होणाऱ्या प्रीएक्लॅम्प्सियाचे प्रमाण 4.3 टक्क्यांवरून 1.6 टक्क्यांवर आले. अर्थात, ही गोळी कोणीही आपल्या मनाने सुरू करू नये.

आजार एकदा जडला, की खरा उपाय अजूनही प्रसूती हाच आहे. तरीही 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगात, दिवस भरायला बराच अवकाश असलेल्या 11 स्त्रियांच्या रक्तातून एसफ्लिट-1 गाळून काढण्यात आले. एकदाच उपचार मिळालेल्यांचे गरोदरपण सरासरी 8 दिवस टिकले, एकाहून अधिक वेळा मिळालेल्यांचे 15 दिवस आणि उपचार न मिळालेल्या तशाच स्त्रियांचे 3 दिवस. इतक्या थोड्या स्त्रियांवरून उपचारपद्धती ठरत नाही, पण अठ्ठाविसाव्या आठवड्यात पोटात मिळालेले दहा-बारा दिवस बाळाच्या फुप्फुसांसाठी किती मोलाचे असतात, हे नवजात कक्षात काम केलेल्या कोणत्याही सिस्टरला विचारावे. या उपचाराच्या मोठ्या, काटेकोर चाचण्यांची मी आतुरतेने वाट पाहत आहे.