कॉर्कच्या सासरी शिव्या खाताना

"आय विल, या," म्हणजे "करतो, हो," असं आयर्लंडमधल्या कॉर्क शहराचा माणूस मान डोलावत म्हणाला, की समजायचं हे काम या जन्मी होणार नाही. दिराला गवत कापायला सांगा, भाच्याला अभ्यासाला बसवा, उत्तर हेच. आमच्या कोल्हापुरात "करतो की!" हे ज्या सुरात म्हणतात, तोच सूर.

लग्नाआधी मी डब्लिनमध्ये नोकरीला होते, त्यामुळे आयरिश इंग्रजी आपल्याला कळतं असा माझा समज होता. डब्लिनहून कॉर्क म्हणजे साधारण पुण्याहून कोल्हापूर, त्याहून थोडंसं लांब. बोली मात्र पार पालटते. कॉर्ककर गाणं म्हटल्यासारखे बोलतात, सूर चढतो आणि धाडकन खाली येतो. वाक्याच्या शेपटाला "बाय" नाहीतर "लाइक" असतंच. हा "बाय" म्हणजे "बॉय". समोर सत्तरीचे आजोबा असले तरी बायच.

एका बाबतीत मात्र मराठी कानाला फायदा होतो. इथली बरीच मंडळी "थिन"मधला "थ" जीभ दातांना टेकवून, थेट आपल्या "त"सारखा काढतात. "टिन"चा "ट" निराळा, मागे सरकलेला. बाकीच्या जगाला दोन्ही एकच वाटतात आणि मग "थर्टी थ्री"वरून यांची टिंगल होते. आपण बालवाडीपासून त आणि ट वेगळे गिरवलेले, आपल्याला फरक ऐकू येतो. (खुद्द आयर्लंडमध्येही सगळ्यांनाच हे जमत नाही, पण ते सासरी बोलायचं नाही.)

आता शिव्या. सगळ्यात सौम्य म्हणजे "फेक". मूळ इंग्रजी शिवीची ही सोज्वळ बहीण, सासूबाईसुद्धा दिवसभर वापरतात. गंमत म्हणजे इथल्या बोलीत याच शब्दाचा एक अर्थ "फेकणे" असाही आहे! "तो रिमोट इकडे फेक," असं त्या इंग्रजीत म्हणाल्या, तेव्हा मी क्षणभर त्यांच्याकडे बघतच राहिले.

त्याच सासूबाई दर रविवारी चर्चला जातात, आणि दूध उतू गेलं की येशू, मेरी, जोसेफ या अख्ख्या कुटुंबाला एका दमात हाक मारतात. ईश्वरनिंदा हा इथे खरोखर गुन्हा होता. २००९ च्या कायद्यात त्यासाठी २५ हजार युरोपर्यंत दंड होता. त्याखाली कुणावर खटला काही चालला नाही, आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये सार्वमत घेऊन राज्यघटनेतूनच तो उल्लेख काढला. कायदा मनावर घेतला असता तर आमचं घर दुपारच्या जेवणाआधीच लिलावात निघालं असतं.

मला आवडलेली गोष्ट अशी, की इथली शिवी बहुधा माणसाच्या अकलेवर जाते. "ईजिट" म्हणजे येडा. "लँगर" ही खास कॉर्कची, मूर्ख आणि त्यात आगाऊ अशा माणसासाठी. आई-बहिणी सहसा सुटतात. आपल्याकडे भांडण दोन पुरुषांचं असतं आणि उद्धार घरातल्या बायकांचा होतो, तसं नाही.

पहिले काही महिने सासरचे माझ्याशी फार अदबीने बोलायचे. चहा आवडला का, थंडी वाजत नाही ना, स्वयंपाक फारच छान. मी खूश होते. नवरा म्हणाला, "खूश होऊ नकोस, ते तुला अजून पाहुणी समजतात." पुढे एकदा जूनमध्ये मी जाड कोट घालून बाहेर पडले, तेव्हा दीर दारातूनच ओरडला, "उत्तर ध्रुवावर निघालीस काय गं, लँगर?" सगळे खदाखदा हसले, सासूबाई सगळ्यात जोरात. या चेष्टेला इथे "स्लॅगिंग" म्हणतात आणि ती परक्यांच्या वाट्याला येत नाही. कोल्हापुरात दोस्तलोक एकमेकांना शिवीनेच हाक मारतात, त्यामुळे मला यात नवल वाटलं नाही. फक्त आमच्याकडे हे सासूसमोर चालत नाही.

तोंडावर कौतुक करायचं मात्र या लोकांच्या जिवावर येतं. होळीला मी पुरणपोळ्या केल्या. सासूबाईंनी एक खाल्ली, दुसरी घेतली, तिसरीवर लोणी थापलं आणि म्हणाल्या, "अगदीच वाईट नाही." रात्री आईचा फोन आला. आवडल्या का त्यांना?

मी सांगितलं, "जाम आवडल्या."