आमची वाटचाल : टूल ओळखायचं, मगच धार लावायची

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात अप्पांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, एका जुन्या टूल अँड कटर ग्राइंडरवर, म्हणजे धार लावायच्या मशीनवर, कामाला सुरुवात केली. आजूबाजूला ऑइल इंजिनचे सुटे भाग करणारी वर्कशॉप्स. ड्रिल, रीमर, एंड मिल अशा धातू कापणाऱ्या टूलांना धार लावायचं काम रोज असायचं.

पुढे बंद पडलेल्या कारखान्यांच्या टूलरूमचा माल लॉटने विकायला निघाला. लोक पोतीच्या पोती किलोच्या भावाने उचलायचे आणि आमच्या दारात आणून ओतायचे. "अप्पा, ह्यात काय काय हाय बघा आणि धार लावून ठेवा." अप्पांचा नियम पक्का होता. टूल कशाचं आणि कशासाठी, हे कळल्याशिवाय ते ग्राइंडरच्या चाकाला लावायचं नाही. आमचा आजचा सगळा धंदा त्या नियमावर उभा आहे.

कारण साधं आहे. साध्या साइड कटरला (चकतीसारखं दातांचं टूल) धार लावताना दाताची पाठ घासतात. गिअर कटरच्या, म्हणजे गिअरचे दात कापणाऱ्या कटरच्या, बाबतीत तेच केलं, तर दाताचा आकारच जातो. तो फक्त समोरच्या बाजूने घासायचा, तोही केंद्राच्या रेषेत. आमच्याकडे पाठीवर घासलेले कितीतरी चांगले कटर आले. ते पाहून अजून जीव हळहळतो.

धातू ओळखायला मोठी यंत्रणा लागत नाही. कार्बाईड (टंगस्टनचा अतिकठीण पदार्थ) हातात घेतलं की कळतं. एचएसएसच्या, म्हणजे हाय स्पीड स्टीलच्या, जवळजवळ दुप्पट जड. चुंबकही त्याला जेमतेम धरतो. जुना टॅप (आटे पाडायचं टूल) कार्बन स्टीलचा की एचएसएसचा, हे ठिणगी सांगते. कार्बन स्टीलची ठिणगी पांढरट, भरपूर, फुलबाजीसारखी फुटणारी. एचएसएसची आखूड, लालसर, मोजकी. कार्बन स्टील असेल तर हात आणखी हलका ठेवावा लागतो, नाहीतर धार निळी पडून मऊ होते.

खरा कस लागतो तो हॉबला, म्हणजे गिअरचे दात कापणाऱ्या स्क्रूसारख्या टूलला. इचलकरंजीच्या एका पार्टीने आणलेल्या हॉबवरचा मूळ मार्क पुसला होता आणि कुणीतरी ठशाने २.५ ठोकलं होतं. त्यावर कापलेले गिअर मशीनमधल्या २.५ मॉड्यूलच्या (मॉड्यूल म्हणजे दाताच्या आकाराचं मेट्रिक माप) गिअरसोबत बसत होते, पण आवाज करायचे. आम्ही हॉबच्या अक्षाला समांतर पाच पिचचं (पिच म्हणजे एका दातापासून पुढच्या दातापर्यंतचं अंतर) अंतर मोजलं. २.५ मॉड्यूलला ते साधारण ३९.३ मिलिमीटर यायला हवं, आलं ३९.९. म्हणजे हॉब १० डीपीचा (डीपी हे दाताचं इंची माप), मॉड्यूलमध्ये सांगायचं तर २.५४. एका दाताला फरक मिलिमीटरच्या आठव्या भागाचा. एकच दात मोजला असता तर झिजेत खपून गेला असता. म्हणून आम्ही एक पिच कधीच मोजत नाही. प्रेशर अँगल, म्हणजे दाताच्या बाजूचा उतार, २० की साडेचौदा अंश, तेही तिथेच प्रोजेक्टरवर (दाताची मोठी सावली दाखवणाऱ्या यंत्रावर) पाहून घेतो. त्या पार्टीला हा हॉब जुन्या ब्रिटिश लेथच्या गिअरसाठी आजही उपयोगी पडतो.

गिअर कटरचा नंबर तो किती दातांच्या गिअरसाठी आहे ते सांगतो, पण त्यावर कधीच विसंबू नये. डीपीच्या कटरवर १ नंबर म्हणजे १३५ दातांपासून रॅकपर्यंत (सरळ दातपट्टीपर्यंत) आणि ८ नंबर म्हणजे १२-१३ दात. मॉड्यूलच्या बऱ्याच कटरवर नेमकं उलटं, १ नंबरलाच १२-१३ दात. दातांची संख्या छापलेली असेल तर ती वाचायची, नसेल तर आकार तपासायचा.

अप्पा आता रोज येत नाहीत, पण अवघड नग त्यांच्यासाठी बाजूला ठेवलेला असतो. धाकट्या भावाने शिरोलीच्या शेडमध्ये लेझर मार्किंग बसवलं. ओळख पटलेल्या प्रत्येक टूलवर आम्ही माप आणि धातू कोरूनच देतो, आणि त्याची नोंद वहीत राहते. इन्सर्टचं, म्हणजे टूलवर बसवायच्या बदलत्या कापणाऱ्या तुकड्याचं, काम त्या मानाने सोपं. सीएनएमजी १२०४०८ असा कोड डबीवर असला की आकार, जाडी, नोज रेडियस (टोकाची गोलाई) सगळं कळतं. सुटा नग आला तर मोजून कोड काढतो, ग्रेडची (कार्बाईडच्या प्रतीची) मात्र खात्री देत नाही.

टूल पाठवताना ते कुठल्या मशीनवरचं आहे, तेवढं चिठ्ठीवर लिहा. त्यावर कापलेला जुना जॉब (तयार केलेला भाग) असेल तर तोही सोबत द्या. आणि कृपा करून गंज काढायला तारेचा ब्रश फिरवू नका. पुसट मार्क त्यातच जातो. रॉकेलमध्ये भिजवून फडक्याने पुसा, बाकी आम्ही बघतो.