मगरीच्या पाठीचं झाड

निष्पर्ण झाड ओळखायचं तर आधी साल बघावी, हे मला ऐनाच्या झाडाने शिकवलं. उन्हाळ्यात पानं झडली की जंगलातले सगळे बुंधे मला सारखेच वाटायचे. ऐन मात्र लांबूनच कळतो. काळपट करडी, जाड साल, उभ्या-आडव्या खोल भेगांनी चौकोनी तुकड्यांत फुटलेली, अगदी मगरीच्या पाठीसारखी. मी अजूनही प्रत्येक ऐनाच्या भेगांतून बोट फिरवल्याशिवाय पुढे जात नाही.

त्याचा सख्खा भाऊ अर्जुन. त्याचं बुंध्याचं अंग गुळगुळीत, फिकट राखाडी, आणि सालीचे पातळ पापुद्रे सुटतात. तो बहुधा ओढ्या-नदीच्या काठी उभा असतो. साल बघितली की दोघांत गल्लत होत नाही.

ऐनाला पानं आल्यावर एक पान उलटं करून बघा. मधल्या शिरेच्या बुडाशी, देठाजवळ, एक-दोन बारीक गाठी दिसतात. त्या ग्रंथी. पहिल्यांदा सापडल्या तेव्हा मी त्या किडीची अंडी समजून नखाने खरवडल्या होत्या!

फुलांकडे फारसं कुणी बघत नाही. पावसाच्या तोंडाशी पिवळट पांढरे तुरे येतात. भिंग लावलं तर कळतं, एकाही फुलाला पाकळी नाही. दिसतात ते 10 पुंकेसर.

फळ दोघांचंही पाच पंखांचं. ऐनाच्या पंखावरच्या रेषा कडेकडे सरळ आडव्या जातात, अर्जुनाच्या वरच्या दिशेने वळतात. झाडाखाली वाळलेलं फळ मिळालं तर उजेडाकडे धरून बघा.