आमची वाटचाल : ट्रॅक्टरच्या रॅम्पवर थार

वडिलांनी पौडच्या पुढे रस्त्याला लागून रॅम्प बांधला तो ट्रॅक्टर आणि टेम्पोसाठी, धुवायचं, ग्रीस मारायचं, संपला विषय. मग 2020 ला महिंद्राची नवी थार जीप आली आणि पावसाळ्यात शनिवार-रविवारी ताम्हिणी घाटाकडून परतणाऱ्या गाड्यांची आमच्याकडे लाइन लागायला लागली, आरशापर्यंत चिखल, आत ओले बूट, आणि प्रत्येकाचं एकच, दादा लवकर करा, सोमवारी ऑफिसला न्यायचीय.

आता गंमत अशी की बॉडीवरचा चिखल दिसतो म्हणून लोक तोच काढायला सांगतात, पण बॉडीला काही होत नसतं हो. खरा त्रास खाली. रिमच्या आतल्या बाजूला माती वाळून बसली की हायवेला स्टेअरिंग थरथरतं, लोक अलाइनमेंटला पैसे घालतात आणि निघतो काय तर मातीचा गोळा! थारला मागे ड्रम ब्रेक, त्यात गाळ राहिला तर लायनर, म्हणजे ब्रेकचे आतले घर्षणाचे पट्टे, घासून जातात, म्हणून आम्ही ड्रम उघडूनच साफ करतो. रेडिएटरवर प्रेशर गन जवळून मारायची नाही, जाळी वाकते, साध्या पाइपने इंजिनच्या बाजूने पुढे पाणी सोडायचं. आणि गरम इंजिनवर तर नाहीच, आधी गाडी गार होऊ द्या, तोवर चहा घ्या.

पाण्यातून गेलेली गाडी असेल तर हाउसिंगचं, म्हणजे अॅक्सलमधल्या गिअरच्या डब्याचं, ऑइल बघितल्याशिवाय आम्ही सोडत नाही. 650 मिमी खोल पाण्यातून गाडी जाते असं कंपनी सांगते ते खरंय, पण तापलेलं हाउसिंग एकदम गार पाण्यात गेलं की आतली हवा आकसते, आणि ब्रीदर (हाउसिंगची हवा जायची नळी) किंवा सील खराब असेल तर तिथून पाणी खेचलं जातं. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं की बदलायचंच, त्यात चर्चा नाही. चाकांकडे ताकद नेणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टच्या क्रॉसला, म्हणजे सांध्याला, नवीन ग्रीस, जुनं बाहेर येईपर्यंत.

धंद्यात सगळ्यात जास्त वाद झाला तो डिझेलवरून. आपल्याकडे धुतल्यावर खाली डिझेल मारायची पद्धत, दिसायला काळंभोर मस्त दिसतं, पण रबरी बुश फुगतात आणि वर धूळ चिकटते ती वेगळीच. आम्ही ते बंद केलं तेव्हा जुनी गिऱ्हाइकं चिडली, काही गेलीच, वडील पण म्हणाले मारून दे ना बाबा, काय जातंय आपलं. नाही मारलं. त्याऐवजी चेसिसची निचऱ्याची भोकं मोकळी करून गाडी पूर्ण वाळवतो आणि मे महिन्यात, म्हणजे माती चिकटायच्या आधी, गंजरोधक कोटिंग करतो. गिऱ्हाईक मात्र ऑगस्टमध्येच आठवण काढतं!

धुतल्यानंतर गाडी हळू चालवत चार-पाच वेळा ब्रेक दाबून बघायला सांगतो, ओले ड्रम धरत नाहीत. हिशोब बायको बघते, त्यामुळे उधारी बंद आहे. ट्रॅक्टर अजून येतात, त्यांचा नंबर आधी, थारवाल्यांनी रागवू नये.