क्रेटोसचा बाप कोण? नाशिकच्या मॉलमधला राडा आणि दुसऱ्या दिवशीची लेणी

पुण्याहून एसटीने नाशिकला जाताना चाकणचं ट्रॅफिक हा वेगळ्या पोस्टचा विषय आहे, त्यामुळे तो सोडतो. संगमनेरला वडापाव, सिन्नरला झोप, द्वारकेला उतरलो तर मावसभाऊ स्कूटी घेऊन हजर. हा अकरावीत, क्लास जेईईचा आणि डोकं चोवीस तास गेम्समध्ये. मावशीकडे बॅग टाकली, मिसळ हाणली (काळ्या मसाल्याची, पापड आणि दह्यासकट, पुणेकर असूनही कबूल करतो की रस्सा इथलाच) आणि लगेच हा सुरू, "दादा चल ना, मॉलमध्ये लॅपटॉपचा डेमो आहे, गॉड ऑफ वॉर खेळायला देणारेत."

मला खरं तर गोदाघाटावर जायचं होतं. पण गेलो.

मॉलच्या मधल्या चौकात छोटं स्टेज, मोठी स्क्रीन, शंभरेक पोरं आणि ब्लेझर घातलेला कंपनीचा माणूस माईक घेऊन. कंपनीचं नाव घेत नाही, गेम त्यांचा नव्हताच, ते फक्त लॅपटॉप विकत होते. तर हा माणूस स्क्रीनकडे हात करून म्हणतो, "फ्रेंड्स, हा आहे क्रेटोस, ओडिनचा मुलगा! आणि ही त्याची पॉवरफुल कुऱ्हाड, जी त्याला त्याच्या वडिलांनी दिली!"

एक सेकंद शांतता. मग मागून कोणीतरी "झ्यूऽऽऽस!" आणि त्यानंतर जो कालवा झाला तो मी क्रिकेटमध्ये चुकीच्या एलबीडब्ल्यूलाच ऐकलाय. माझा भाऊ तर अक्षरशः डोक्याला हात लावून खाली बसला.

ज्यांनी गेम खेळला नाही त्यांच्यासाठी सांगतो. क्रेटोस हा गॉड ऑफ वॉरचा हिरो, स्पार्टाचा, ग्रीक देवांचा राजा झ्यूस याचा मुलगा (ओडिन हा नॉर्स देव), २०१० च्या तिसऱ्या भागात तो स्वतःच्या बापाला मारतो. मग २०१८ च्या गेममध्ये (पीसीवर आला जानेवारी २०२२ मध्ये) तो उत्तरेत, नॉर्स देवांच्या मुलखात राहतोय, बायको वारलीय, आणि अख्खी गोष्ट म्हणजे तो आणि त्याचा मुलगा अट्रेयस तिची राख सगळ्यात उंच शिखरावर न्यायला निघालेत. ती कुऱ्हाड बायकोचीच, फे तिचं नाव. ब्रॉक आणि सिंड्री या दोन भावांनी तिच्यासाठी घडवलेली. म्हणजे पठ्ठ्याने एका दमात बाप बदलला आणि बायको गायब केली.

पुढच्या रांगेत एक कॉलेजची मुलगी होती, हातात हेल्मेट, तिने अगदी शांतपणे विचारलं, "सर, कुऱ्हाड फेची आहे ना?" आणि हा माणूस काय म्हणाला माहितीये? "हां मॅडम, आमच्या व्हर्जनमध्ये थोडं वेगळं आहे."

आमच्या व्हर्जनमध्ये!! लॅपटॉप विकणाऱ्याचं व्हर्जन! पोरं जी हसायला लागली ती थांबेचनात, शेवटी तो "ग्राफिक्स बघा, ग्राफिक्स" करत बाजूला झाला. मला त्या माणसाचं वाईट वाटलं, खरंच. त्याला सकाळी कोणीतरी एक कागद दिला असणार आणि तो कागद लिहिणाऱ्यानेही गेम उघडून बघितला नसणार. ओडिन म्हणाला तोपर्यंत माफ होतं हो, पण ते 'व्हर्जन' नको होतं.

संध्याकाळी गोदाघाटावर चहा पितानाही भावाची बडबड चालूच. मग त्याला लाल शर्टवाल्याचा किस्सा सांगितला, याला माहितीच नव्हता (२०१० मध्ये हा दुपट्यात होता म्हणा). ब्लिझकॉन २०१०, म्हणजे ब्लिझार्ड या गेम कंपनीचा फॅन्ससाठीचा मेळावा, अमेरिकेत अनाहाइमला. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट बनवणारे स्टेजवर आणि प्रेक्षकांतून लाल शर्ट घातलेला एक जण माईकवर येऊन विचारतो की गेममधल्या बुटक्यांच्या नव्या तीन हातोड्यांच्या कौन्सिलमध्ये फाल्स्टॅड वाइल्डहॅमर हा त्यांचा सरदार का नाही. स्टेजवरून उत्तर येतं, तो मेला ना? हा म्हणतो, नाही, तो तर तुमच्याच गेममध्ये पहिल्यापासून एरी पीकचा प्रमुख आहे. म्हणजे ज्यांनी बनवला तेच विसरले! त्या व्हिडिओवर आधी लोकांनी त्याच्या बोलण्याच्या पद्धतीची टिंगल केली, पण कंपनीने काय केलं, फाल्स्टॅडला खरंच कौन्सिलवर आणलं आणि त्याच्या शेजारी लाल शर्टातलं एक पात्र उभं केलं, नाव वाइल्डहॅमर फॅक्ट चेकर. गेममधल्या आयर्नफोर्ज शहरात.

याच कंपनीत वॉरक्राफ्टची कथा लिहिणाऱ्या ख्रिस मेट्झेनने त्याआधी सार्गेरस (मोठा खलनायक) आणि एरेदार (एक जमात) यांच्यात कोणी कोणाला बिघडवलं ही गोष्ट उलटी करून टाकली होती. वॉरक्राफ्ट ३ च्या मॅन्युअलमध्ये ती आधी त्याने स्वतःच लिहिलेली. फॅन्सनी पकडल्यावर सरळ म्हणाला की विसरलो. संपला विषय.

भाऊ म्हणे, मग मारियो बनवणाऱ्या मियामोतोचं काय? सुपर मारियो ब्रदर्स ३ मध्ये कूपालिंग्ज नावाची सात पात्रं बाउझर या व्हिलनची पोरं होती आणि २०१२ मध्ये मियामोतो म्हणाला की नाही, बाउझरला एकच मुलगा, बाउझर ज्युनियर. मी म्हटलं ते वेगळं रे, तो बनवणारा आहे, त्याला आधीचं माहितीये आणि तो ठरवून बदलतोय, तुला पटो न पटो. तो म्हणाला, "दादा, दोन्ही फसवणूकच." नाही पटलं त्याला. चहा गार झाला तरी नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पांडवलेणी. मुंबई-आग्रा हायवेला लागून, खाली फाळके स्मारक, वर पायऱ्या, चढताना दम लागतो पण पाणी सोबत असलं तर चालतं. एकूण २४ लेणी, बौद्ध. चढता चढता भावाला जोगलटेंभीची गोष्ट सांगितली, आमची एसटी आली त्याच सिन्नर तालुक्यातली. १९०६ मध्ये तिथे चांदीच्या १३ हजारांहून जास्त नाण्यांचा साठा सापडला, सगळी नहपान या शक क्षत्रपाची (म्हणजे राज्यकर्त्याची). त्यातल्या ९ हजारांहून जास्त नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप परत मारलाय. नहपानाला हरवलं आणि त्याच्याच तोंडावर आपली चिन्हं. काही नाण्यांवर खालचा चेहरा अजून दिसतो. "रेटकॉन!" भाऊ जिन्यातच ओरडला (म्हणजे आधी सांगितलेली गोष्ट नंतर बदलणं). मी म्हटलं बरोबर, पण कोणाच्या तोंडावर मारतोय हे सातकर्णीला पक्कं माहीत होतं.

वर तीन नंबरच्या लेण्यात एक काका दहा-बारा जणांच्या फॅमिलीला सांगत होते की पांडवांनी वनवासात ही लेणी एका रात्रीत कोरली. भावाचा चेहरा परत कालच्यासारखा झाला. मी हात दाबला तरी हा बोललाच, "काका, त्या भिंतीवर कोणी बनवलं ते लिहिलंय."

"असं होय? काय लिहिलंय?"

आता ब्राह्मी लिपी, याला काय वाचता येणार, माझ्याकडे बघायला लागला. मग मी सांगितलं की गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री, नातू पुळुमावीच्या १९ व्या वर्षी तिने हे लेणं भिक्खूंना दिलं, आणि लेखात मुलाचं कौतुक केलंय की त्याने शक, यवन, पहलवांना हरवलं, नहपानाचं क्षहरात घराणं संपवलं. काकांनी पूर्ण ऐकलं, मान डोलावली, वळले आणि जोरात, "ए ऐका रे, मी चुकीचं सांगितलं, हे एका आईनं दिलेलं लेणं आहे!" एवढंच. व्हर्जन वगैरे काही नाही.

मग आमची सुटकाच नाही. काकूंनी भडंग दिली, आणि प्रत्येक लेण्याच्या दारात काकांची हाक, "ए हिरो, इथं काय लिहिलंय?" दहा नंबरला नहपानाचा जावई उषवदात याचे लेख आहेत हे मीच आधी कानात सांगून ठेवलं, बाकी ठिकाणी पोरगं मोबाईलवर शोधून उत्तरं देत होतं. रेंज मात्र वर धड येत नाही, जाणार असाल तर आधीच वाचून जा.